औद्योगिक भूमीचा पुनरुद्धार, आदिवासी क्षेत्रातील

खाण, कारखाना वा राखतलाव यांचा वापर संपल्यावर मागे राहिलेली दूषित जमीन निर्धोक करून पुन्हा उपयोगात आणण्याच्या प्रक्रियेस औद्योगिक भूमीचा पुनरुद्धार म्हणतात. अशी जमीन आदिवासींच्या शेतीत किंवा सामूहिक वनात असल्यास तांत्रिक प्रश्नाबरोबरच ती कोणाकडे परत जावयाची, कोणत्या उपयोगासाठी शुद्ध करावयाची व हे कोणी ठरवावयाचे, असे प्रश्न उद्‌भवतात. चंद्रपूर व गडचिरोली हे वनसंपन्न जिल्हे या दृष्टीने लक्षणीय आहेत.

दूषणाचे स्वरूप : चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळशाच्या आधारे औष्णिक वीज, सिमेंट इ. उद्योग वाढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या पाहणीत चंद्रपूरचा प्रदूषण निर्देशांक 100 पैकी 83.88 होता व देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याची गणना झाली. उघड्या खाणीत कोळशावरील माती व खडक काढून त्यांचे ढीग रचतात. त्यांतील पायराइटाचा हवा व पाणी यांच्याशी संयोग होऊन सल्फ्यूरिक अम्ल तयार होऊ शकते आणि अशा अम्लात खडकातील धातू विरघळून नाल्यांत व भूजलात उतरतात. लोहखनिजाच्या खाणींतून मुख्यतः बारीक तांबडा गाळ वाहून येतो. तो शेतात साचल्यास मातीची पाणी मुरण्याची क्षमता घटते. राखतलावातून आर्सेनिकासारखी द्रव्ये झिरपण्याचा धोका असतो.

पुनरुद्धाराचे टप्पे : प्रथम माती, पाणी व वनस्पती यांचे नमुने तपासून दूषणाचा उगम, त्याचा मार्ग आणि त्याची झळ पोहोचणारे सजीव निश्चित करतात. त्यानंतर दूषित माती खणून सुरक्षित जागी हलविणे, ती जागीच अभेद्य थराने झाकणे, अम्लता कमी करण्यासाठी चुना मिसळणे किंवा वनस्पतींच्या साहाय्याने धातू स्थिर करणे यांपैकी योग्य उपाय योजतात. ढिगांचे उतार सौम्य करून त्यांवर सुपीक माती पसरतात. ही माती खाणकामाच्या आरंभीच वेगळी काढून ठेवावी लागते; फार काळ साठविल्यास तिच्यातील सूक्ष्मजीव व बीजे नष्ट होत जातात. अखेरीस अनेक वर्षे पाण्याची तपासणी चालू ठेवावी लागते. केवळ झाडे लावून ढीग हिरवा करणे म्हणजे पुनरुद्धार नव्हे.

उपयोग व शुद्धतेची पातळी : किती शुद्धता पुरेशी, हे जमिनीच्या भावी उपयोगावर ठरते. गोदाम किंवा सौर ऊर्जा प्रकल्पासाठी चालणारी पातळी निवासास चालत नाही. वनावर जगणाऱ्या कुटुंबाचा संपर्क तर नागरी रहिवाशापेक्षाही अधिक असतो. हे लोक मोहफुले जमिनीवरून वेचतात, कंद खणून खातात, नाल्यातील मासे व खेकडे धरतात, झऱ्याचे पाणी पितात आणि त्याच रानात गुरे चारतात. त्यामुळे नागरी वा औद्योगिक उपयोगासाठी बेतलेले निकष येथे अपुरे ठरतात. धातू शोषून घेणाऱ्या वनस्पती चारा वा अन्न म्हणून वापरल्या जाणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी लागते.

कायदेशीर बाजू : अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार भूसंपादन व पुनर्वसन यांपूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक आहे. वनहक्क कायद्याने (2006) ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास 2009 मध्ये असे हक्क मिळाले. तथापि उद्योग संपल्यावर जमीन मूळ धारकांकडे आपोआप परत येत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील परतीची तरतूद पाच वर्षे न वापरलेल्या जमिनीपुरती आहे. वापरून दूषित झालेल्या जमिनीला ती लागू होत नाही. कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली (1957) घेतलेल्या, कोळसा संपलेल्या जमिनी अन्य प्रकल्पांना भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण केंद्राने 2022 मध्ये मंजूर केले. त्यात मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. दूषित स्थळांविषयी केंद्राने जुलै 2025 मध्ये जाहीर केलेल्या नियमांतून खाणकामामुळे झालेले दूषण वगळले आहे. ते खाण बंद करण्याच्या योजनेवर सोपविलेले आहे.

अन्य देशांतील अनुभव : अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात क्वापॉ जमातीच्या भूमीवर शिसे व जस्ताच्या खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. मागे राहिलेल्या टाकाऊ खडीच्या ढिगांतील शिशाची बाधा मुलांना झाली. हे क्षेत्र 1983 मध्ये राष्ट्रीय शुद्धीकरण सूचीत आले. पुढे जमातीच्या शासनाने शासकीय निधीतून स्वतः काम हाती घेतले आणि 2013 मध्ये सुमारे 40 एकरांच्या एका क्षेत्रापासून आरंभ केला. कोणत्या जागा महत्त्वाच्या हे स्थानिकांनाच ठाऊक असल्याने कामाचा अग्रक्रम त्यांनी ठरविणे उपयुक्त ठरले.

आलापल्ली परिसर : अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे 348.09 हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये देण्यात आला आणि खनिजाची वाहतूक आलापल्लीमार्गे होत आली आहे. येथील खाण चालू असल्याने पुनरुद्धाराच्या अटी आताच ठरविता येतात : सुपीक माती जतन करणे, नाल्यांच्या पाण्याची मूळ स्थिती नोंदविणे व अंतिम उपयोगास ग्रामसभेची संमती घेणे. आलापल्लीचे ‘वनवैभव’ हे 2014 मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झालेले जुने वन आहे. पुनरुद्धारित भूमीवर कोणते वृक्ष असावेत, याचा नमुना म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. मात्र सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. माती, पाणी व वन काही अंशी पूर्ववत करता येतात. खणून काढलेला देवाचा डोंगर करता येत नाही. म्हणून अशा भूमीबाबत पुनरुद्धाराचा विचार खाण संपल्यावर नव्हे, तर ती सुरू करावी किंवा नाही, हे ठरवितानाच व्हावा लागतो.