चावडीपर्यंत पोचलेलं पुणे केंद्र

सत्तरच्या दशकातल्या आकाशवाणीचा विषय निघाला की लोकांना भावगीतं आणि श्रुतिका आधी आठवतात. पुणे केंद्राचं खरं मोठेपण मला मात्र त्याच्या ग्रामीण विभागात दिसतं. शेती, कर्ज, रोगराई असे रुक्ष समजले जाणारे विषय तिथे कसलेल्या लेखकांच्या हाती होते.

पाया आधीच घातला गेला होता. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग झाला. गावकऱ्यांनी मंडळ करून ठरल्या वेळी रेडिओभोवती जमायचं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि सेट बंद केल्यावर त्यावर बोलायचं. काय पटलं, काय अडलं ते निमंत्रकाने टिपून पुण्याला कळवायचं. त्या शंकांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली तेव्हा, जिथे अशी मंडळं नव्हती त्या गावांपेक्षा इथल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडल्याचं आढळलं. १९५९ पासून ही मंडळं देशभर निघाली. सरकारी माध्यमाने ऐकणाऱ्यालाच उलट बोलायला सांगावं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पुणे केंद्राच्या याच ग्रामीण विभागात ‘बनगरवाडी’चे लेखक व्यंकटेश माडगूळकर कित्येक वर्षं नोकरीला होते. माणदेशातला हा माणूस खेड्यातलं बोलणं आतून ओळखत होता. ग्रामीण संवाद लिहिणं वाटतं तेवढं सोपं नाही. बियाण्याचा दर, खताचं प्रमाण आणि फवारणीचा दिवस नेमका सांगायचा, पण बोलणारा पाटील किंवा सखूबाई पत्रक वाचतेय असं वाटता कामा नये. शिवाय ऐकणाऱ्याला पान उलटून मागचं वाचता येत नाही, म्हणून महत्त्वाचा आकडा गप्पांच्या ओघात दोनदा यावा लागतो. स्टुडिओत संहितेची पानं सुटी ठेवत आणि वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवत, कारण कागदाची सळसळ माईक लगेच पकडतो. संकरित वाण शिवारात येत होते आणि १९७२ च्या दुष्काळाने गावंच्या गावं खडी फोडायला लावली होती, अशा काळात ही कारागिरी लागत होती. कला आणि समाजप्रश्न अशी वाटणी या कामात करताच येत नाही.

संगीताच्या बाबतीत मात्र आकाशवाणीने आडमुठेपणा केला. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० पासून तिला आकाशवाणीवर बंदी होती. नाट्यसंगीतापासून भजनापर्यंत पेटीवर वाढलेल्या महाराष्ट्राला हा निर्णय जाचक होता. १९७१ साली बंदी उठली तीही अर्धीच: वरच्या श्रेणीच्या कलाकारांना साथीपुरती.

आणीबाणीने या माध्यमाचं दुखणं उघड्यावर आणलं. ज्या आवाजावर विसंबून लोक सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लावत, त्याच आवाजाला सरकारला हवं तेवढंच बोलावं लागलं. ग्रामीण विभागाने वर्षानुवर्षं कमावलेला विश्वास असा वापरला गेला, याचा मला आजही राग येतो. १९७८ मध्ये वर्गीज समितीने आकाशवाणीच्या स्वायत्ततेची शिफारस केली; प्रसार भारती ही स्वायत्त संस्था प्रत्यक्षात यायला १९९७ उजाडलं.

यातलं थोडंच आज ऐकायला मिळतं. टेप महाग, म्हणून प्रसारण झालं की स्पूल पुसून पुन्हा वापरायची रीत होती. गाजलेल्या मैफली जपल्या गेल्या, पण आठवड्याचा शेतीसंवाद कोण जपणार? निवृत्त निवेदकांच्या आणि लेखकांच्या कपाटांत टंकलिखित संहिता, गावोगावच्या मंडळांची पत्रं, कंत्राटांचे कागद अजून सापडू शकतील. विद्यापीठांच्या मराठी आणि वृत्तपत्रविद्या विभागांनी आत्ताच त्यांच्या घरी जायला हवं.