जेवणघर नव्याने, थोड्या खर्चात

महाड-पोलादपूरकडे घर रंगवायचा मुहूर्त ठरलेला असतो, गणपतीच्या आधी. म्हणजे ऐन पावसात, भिंती पाणी पिऊन बसलेल्या असताना. चाकरमानी यायच्या आत घर लख्ख दिसावे ही ओढ अगदी खरी आहे, पण ओल्या भिंतीवर दिलेला रंग दिवाळीपर्यंत पापुद्रे धरतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो. जेवणाची खोली कमी पैशांत नवी करायची असेल तर सुरुवात दिवाळीनंतर करावी. थंडीभर भिंत सुकू द्यावी, रंग फाल्गुनात द्यावा. हे थांबणे फुकट असते आणि सगळ्यात जास्त पैसे तेच वाचवते.

आधी पाणी कुठून येते ते शोधा. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतली वाफ आहे. स्वयंपाकघर शेजारीच असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवणे किंवा वरच्या अंगाला जाळी बसवणे पुरते.

भिंतीतली ओल दोन्ही गावांत वेगवेगळ्या वाटेने येते. पोलादपूरच्या बाजूला बरीच घरे उतार कापून बसवलेली असतात. डोंगरातून झिरपणारे पाणी मागच्या भिंतीला टेकते, आणि जेवणघर बहुधा मागच्याच अंगाला असते. तिथे रंगाच्या डब्याआधी कुदळ हातात घ्यावी. भिंतीपासून थोडे अंतर सोडून चर खणायचा, त्याचा उतार घरापासून दूर काढायचा आणि पागोळ्यांचे पाणीही त्यातच सोडायचे. पायाला लागून मात्र खोल खणू नये, आणि मागची दरड सुटी वाटत असेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय हात लावू नये. महाडात सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी पुरात थेट दारातून आत येते. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे सांगायला नको. अशा तळमजल्यावर पाण्याला अडवण्यापेक्षा पाणी ओसरल्यावर लवकर सुकेल अशी खोली करणे शहाणपणाचे आहे.

आता भिंत. जांभ्याच्या चिऱ्याला बारीक भोके असतात. जमिनीतले पाणी त्यांतून वर चढते, येताना क्षार आणते. पाणी हवेत उडून जाते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगासकट गिलावा ढकलून देतात. हाच लोणा. त्यावर ऑइलपेंट चढवला की ओलीची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. कमरेपर्यंत टाइल लावूनही तेच होते, टाइलच्या वर नवी पट्टी फुटते. म्हणून लोणा धरलेला गिलावा खरवडून टाका. उरलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. खालचा भाग चुन्याच्या गिलाव्याने भरून घ्या. हे काम येणारा गवंडी शोधावा लागतो, पण शोधावा.

वर चुन्याची सफेदी. मला ती डिस्टेंपरपेक्षा पसंत आहे, आणि स्वस्त आहे एवढेच त्याचे कारण नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, भिंतीशी एकजीव होतो आणि ओलीला बाहेर पडू देतो. त्याच्या दाहकतेमुळे बुरशीही सहसा धरत नाही. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी लागते. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यायचे आणि चुना थोडा थोडा टाकायचा. उलटे कधीही करू नये. तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि मुले लांब हवीत. एक दिवस मुरू द्या, कापडातून गाळा, थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडलेला असला पाहिजे, नाहीतर चुना धरत नाही. भिंतीवर पाण्याचा हलका शिपका मारून कुंच्याने पातळ तीन हात द्या. ओला असताना हात फिकट दिसतो, सुकता सुकता पांढरा होतो. तेव्हा घाईने जाड थर देऊ नका, तो हाताला लागत राहतो. काम सकाळी करा, उन्हाने चुना फार लवकर सुकता कामा नये.

रंग हवाच असेल तर खालच्या तीन फुटांत चुन्यात काव मिसळा. वर पांढरे आणि खाली तांबडे, ही जोडी जांभ्याच्या घराला शोभते आणि मुलांच्या हातांचे डागही लपवते. सुकल्यावर छटा फिकी होते, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर लावून पाहा. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात; खालचा पट्टा फक्त १३२. ओल त्रास देते ती याच भागाला. दर फाल्गुनात तेवढाच पुन्हा मारला की झाले.

वाचलेले पैसे विजेवर घाला. महाडच्या तळमजल्यात गुडघ्याशी असलेले प्लग परवानाधारक वायरमनकडून वर, छातीच्या उंचीवर घ्या. कौलारू खोली अंधारी असेल तर दोन काचेची कौले पुरे होतात. टेबलावर एकच पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा खाली सोडा. पांढऱ्याफटक उजेडात तांदळाची भाकरीही बेचव दिसते.

हप्त्यांवर सहा खुर्च्यांचा जड संच घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. भुश्याचा बोर्ड एका पुरात फुगतो, आणि गौरी-गणपतीत पंगत बसवायला खोली मोकळी लागते. फरशीवाल्याकडे कडप्प्याचे उरलेले तुकडे मिळतात. अडीच फूट रुंद आणि चार फूट लांब तुकडा चौघांना पुरतो. वेल्डरकडून गंजरोधक रंगाची लोखंडी चौकट करून घ्या, दगड वर नुसता ठेवा, खाली रबराचे तुकडे द्या. दोघांनी दगड उचलला की टेबल सुटते. बसायला बाके करा. जुनी घरे मोडताना निघालेल्या सागवानी फळ्या घेतल्या तर ती पाणी आणि वाळवी दोन्ही सोसतात. फक्त फळी घेण्यापूर्वी दोन्ही टोकांना हातोडीने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर ती आतून पोखरलेली आहे.