घोड्यावरचं बिऱ्हाड

पावसाळा सरला की बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातल्या अनेक धनगरवस्त्या रिकाम्या होऊ लागतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात. कर्ती जोडपी मेंढरं घेऊन मावळतीची वाट धरतात. कुणी भोरकडून, कुणी मुळशी-मावळातून घाट उतरतं आणि भात काढून मोकळ्या झालेल्या कोकणातल्या खाचरांवर पोचतं. परत येणं मृगाच्या तोंडाला. मधल्या सात-आठ महिन्यांत घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढंच.

या वाटेमागं पावसाचं गणित आहे. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. लोकर भिजत राहिली की ती आजारी पडते, चिखलात तिचे खूर सडतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या इंदापुरात पाचशेच्या आसपास. म्हणून पावसाळा इकडच्या माळावर काढायचा आणि इकडचं गवत संपलं की ओलाव्याच्या मुलखात जायचं. हिमाचलातले गद्दी मेंढपाळही उन्हाळा-पावसाळ्यात धौलाधार ओलांडून लाहौलच्या कोरड्या खोऱ्यात शिरतात. लाहौलसुद्धा पर्जन्यछायेतच आहे. हजारेक मैलांच्या अंतरावरच्या दोन समाजांना मेंढीनं एकच भूगोल शिकवला. फरक एवढाच, की गद्दींच्या कळपाबरोबर बहुधा पुरुष जातात. आपल्याकडं बाईसकट बिऱ्हाड निघतं, आणि माझ्या मते या वाटेचं मर्म तिथंच आहे.

चार-सहा बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं एकत्र चालतात, त्याला वाडा म्हणतात. बाई अंधारात उठते. पाणी, भाकऱ्या, दूध, तान्ही कोकरं हे सगळं उरकेपर्यंत गडी मेंढरं सोडतो. तो गवताच्या मागं जाणार, चरत-चरत, वाकडातिकडा. ती मात्र सरळ पुढच्या मुक्कामाला निघते. घोड्यावर पाल, भांडी, धान्य, घोंगडी, त्यावर कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि कधी तिचं स्वतःचं लेकरूही. मुक्कामाला पोचलं की तीन दगड मांडायचे, सरपण आणायचं, पाणी कुठं आहे ते शोधायचं आणि मेंढरांसाठी वाघर (जाळी) लावायची जागा तयार ठेवायची. दिवस मावळताना कळप येतो तो या ठिकाणी. कळपाचा मार्ग गड्याच्या डोक्यात असतो. पण तो रोज जिथं येऊन टेकतो ती जागा तिनं उभी केलेली असते. आजारी मेंढरू ओळखणं, कोकराला दुसऱ्या मेंढीला लावणं, वाटखर्चाचा हिशेब ठेवणं हेही तिच्याकडंच. कागदोपत्री मात्र ‘मेंढपाळ’ म्हणून नाव लागतं ते गड्याचं.

शेतकऱ्याशी व्यवहार जुना आहे. पीक निघाल्यावर रानात रात्रभर मेंढरं बसवायची. लेंडी-मुताचं खत शेताला, आणि बदल्यात धान्य. आता बहुतेक ठिकाणी रोख पैसे. पण मोकळं रानच कमी झालं आहे. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला, त्याला भाटघर धरणाचं पाणी मिळालं आणि बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांचे दोन भाग पडले. कालव्याखाली ऊस, कालव्यावर माळ. पुढं भीमेवर उजनी धरण झालं आणि इंदापूरची पूर्व बाजूही भिजली. ऊसतोडीच्या हंगामात वाढं मिळतं हे खरं, पण बारमाही पिकाच्या रानात मेंढरं बसवणार कुठं?

उरला माळ. त्याला सरकारी भाषेत ‘पडीक’ म्हणण्याची सवय इंग्रजी महसूल व्यवस्थेनं लावली आणि ती अजून सुटलेली नाही. या पडीक जमिनीवर चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथं वनविभागानं गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. लांडगा पाहायला माणसं येतात याचा मला आनंद आहे. पण त्या लांडग्याला पिढ्यान्‌पिढ्या कोकरं देऊन जगवलं कुणी, हे त्या गाडीत बसलेल्यांना सांगितलं गेलं पाहिजे. मेंढी मारली गेली तर भरपाईची तरतूद आहे. पण चालत्या वाड्यानं पंचनाम्यासाठी थांबायचं म्हणजे बाकीच्या कळपाला उपाशी ठेवायचं. पंचनामा राहतो, वाडा निघून जातो.

जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्यामुळं अभ्यासकांच्या ध्यानात आलं की या दैवतांच्या कथा चराऊ रानांतून आणि मुक्कामांवरून जातात. खंडोबाची कथाही अशीच. जेजुरी सोडून तो धनगर बाणाईच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला आणि बारा वर्षं तिची मेंढरं राखली. आजही जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाजवळ आणि बाणाईचं देऊळ डोंगराच्या निम्म्यावर. देवानं मेंढरं राखली हे आपण कौतुकानं सांगतो. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की मेंढरं बाणाईची होती.

आषाढात वाडे घरी असतात. तेव्हा तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीत येते आणि तिथं पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं इंदापूर तालुक्यात बेलवाडीला घोड्याचं रिंगण. पाऊसकाळ सोडून दुसऱ्या कुठल्याही ऋतूत काटेवाडीचं रिंगण करायचं म्हटलं, तर त्यातली बरीच मेंढरं घाटापलीकडं असतील.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था दख्खनी मेंढीवर काम करते. सुंदरबनातल्या गरोल मेंढीत जुळी कोकरं देणारं एक जनुक आहे. ते दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. एरवी एकच कोकरू देणाऱ्या मेंढीला जुळं झालं तर उत्पन्न वाढतं. पण वाटेवर जुळं सांभाळायचं ते बाईनं. त्यामुळं अशा वाणाचा सल्ला द्यायचा तर तिच्याशी बोलूनच द्यावा. राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत (२०१७) वीस मेंढ्या आणि एका नराचा गट अनुदानावर मिळतो. चराई कुठं, हा प्रश्न त्या गटाबरोबर सुटत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं. चराईचा हक्क देण्यासाठी आपल्याकडं नवा कायदा करण्याची गरज नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर आणि चराई स्पष्ट लिहिलेली आहे. हक्क विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा, असंही त्यात आहे. चराईचा दावा सहसा सामूहिक असतो, पण तोही वाड्याच्या कारभाऱ्याबरोबर कारभारणीच्या सहीनं जायला हवा. अडचण पुराव्याची आहे. आदिवासी नसलेल्या समाजांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचा मुक्काम सतत बदलतो त्यांच्याजवळ पावत्या कुठून असणार? त्यांच्याजवळ मुक्कामांची नावं आहेत, पाणवठ्यांची नावं आहेत, ज्यांच्या रानात आज्यापणज्यापासून मेंढरं बसली त्या शेतकऱ्यांची घराणी आहेत. या कायद्याच्या नियमांत जाणत्या म्हाताऱ्यांची जबानीही पुरावा म्हणून धरली जाते. ती जबानी गावागावांतून लिहून घ्यायला पावसाळ्याचे चार महिने मिळतात, वाडे घरी असतात तेव्हाचे. आणि त्या म्हाताऱ्यांत म्हाताऱ्याही असाव्यात, कारण पाणी कुठल्या मुक्कामाला कोणत्या महिन्यात आटतं हे त्याच सांगतील.