नोंदींच्या डेटाबेसचे नव्या सर्व्हरवर स्थलांतर

ज्या शाळांनी वा केंद्रांनी विद्यार्थ्यांच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल डेटाबेसात ठेवल्या आहेत, त्यांना केव्हा ना केव्हा नवे यंत्र घ्यावेच लागते. दप्तर हलविताना एखादी नोंदवही गहाळ झाली, तर ती निदान उणी दिसते. येथे मात्र सर्व नोंदी जागेवर असूनही नाव वाचता येऊ नये, अशी अवस्था ओढवू शकते. आणि त्याच नावावरून पुढे दाखला द्यावयाचा असतो.

प्रथम जुन्या सर्व्हरवरील लेखन बंद करावे. नक्कल घेतल्यानंतर तेथे झालेली नोंद नव्या यंत्रावर पोहोचत नाही. मायएसक्यूएलडंप या साधनाने काढलेली नक्कल म्हणजे आज्ञांची मजकूर-फाईल होय. त्या आज्ञा नव्या सर्व्हरवर क्रमाने चालविल्या की कोष्टके पुन्हा उभी राहतात. छायाचित्रे बहुधा डेटाबेसाबाहेर असतात. ती निराळी न्यावीत.

खरी अडचण देवनागरीची आहे. यूटीएफ-८ पद्धतीत ‘म’ हे अक्षर ३ बाइट व्यापते. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंज्ञा मात्र २०१८ मधील ८.० आवृत्तीपूर्वी लॅटिन-१ ही होती. त्यामुळे कित्येक जुन्या डेटाबेसांवर शिक्का लॅटिनचा व आत मजकूर यूटीएफ-८ चा, असा प्रकार आढळतो. लिहिताना व वाचताना एकच चूक होत असल्याने पडद्यावर नाव शुद्धच दिसते! नक्कल घेताना मात्र साधन त्या बाइटांना लॅटिन समजून त्यांचे पुन्हा रूपांतर करते आणि ‘म’च्या जागी तीन निरर्थक चिन्हे उमटतात. अशा वेळी नक्कल लॅटिन-१ हीच संज्ञा सांगून घ्यावी, म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरतात. नंतर फाईलमधील घोषणा बदलून यूटीएफ-८-एमबी-४ करावी. निरर्थक चिन्हांचा गोंधळ बहुधा उलट क्रियेने सुधारता येतो. प्रश्नचिन्हे उमटली असतील, तर त्या प्रतीतून मूळ अक्षरे नाहीशीच झाली, असे समजावे.

तपासणीत प्रत्येक कोष्टकातील नोंदींची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी. परंतु संख्या जुळली म्हणजे काम झाले, असे नव्हे. ‘ज्ञानेश्वर’, ‘कऱ्हाड’, ‘कृष्णा’ अशी जोडाक्षरांची व ऱ्याची नावे डोळ्यांनी वाचावीत. हे काम तंत्रज्ञावर न सोपविता वर्गशिक्षकाने करणे अधिक इष्ट.

संकेतस्थळाचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळविण्यापूर्वी एक दिवस अगोदर डीएनएस-नोंदीची मुदत ३०० सेकंदांवर आणावी. तरीही काही संगणक थोडा काळ जुन्याच ठिकाणी जातील. म्हणून तेथील लेखन बंदच राहू द्यावे आणि एक परीक्षा-सत्र पार पडेपर्यंत ते यंत्र पुसू नये.