रासायनिक धोकासूचक लेबले

रासायनिक पदार्थाचे पिंप, बाटली, पोते किंवा टँकर यांवर त्या पदार्थाचे नाव, त्यापासून संभवणारा धोका, घ्यावयाची दक्षता व उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती ठराविक चिन्हांनी व शब्दांनी देणाऱ्या चिठ्ठीस धोकासूचक लेबल म्हणतात. मिथेनॉल, ॲसिटोन, टोल्यूइन ही विद्रावके पाण्याप्रमाणेच वर्णहीन असतात. ती ज्या कारखान्यात तयार होतात, तेथील रसायनज्ञास त्यांचे गुणधर्म ठाऊक असतात. परंतु हमाल, टँकरचालक, कंत्राटी कामगार व अग्निशामक यांना ते पाहून कळत नाहीत. उत्पादकाजवळचे ज्ञान या सर्वांपर्यंत पोहोचविणे हे लेबलाचे कार्य होय.

आंतरराष्ट्रीय पद्धती : विसाव्या शतकात निरनिराळ्या देशांनी लेबलांचे स्वतंत्र नियम केले. त्यामुळे एकच पदार्थ एका देशात विषारी, तर दुसऱ्या देशात निर्धोक ठरू लागला. १९९२ च्या रीओ दे जानेरो येथील परिषदेत ही तफावत दूर करण्याचे ठरले. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या तज्ञ समितीने डिसेंबर २००२ मध्ये रसायनांचे वर्गीकरण व लेबलन यांची सुसंवादी जागतिक पद्धती (संक्षेपाने जीएचएस) स्वीकारली व २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिची सुधारित आवृत्ती सामान्यतः दर दोन वर्षांनी निघते.

या पद्धतीत लाल किनारीच्या, टोकावर उभ्या चौकोनात काळी चिन्हे असतात. ती एकूण नऊ आहेत : फुटणारा बाँब (स्फोटक), ज्योत (ज्वलनशील), वर्तुळावरील ज्योत (ऑक्सिडीकारक), वायूचे नळकांडे (दाबाखालील वायू), हात व धातू खाणारा द्रव (संक्षारक), कवटी व हाडे (तीव्र विषारी), छातीवर तारा असलेली मानवाकृती (कर्करोगासारखे दीर्घकालीन विकार), उद्गारचिन्ह (दाहक व तुलनेने सौम्य धोके) आणि मेलेला मासा व झाड (जलपर्यावरणास घातक). यांच्या जोडीला ‘धोका’ किंवा ‘सावधान’ या अर्थाचा एक संकेतशब्द, धोक्याचे वर्णन, दक्षतेच्या सूचना, पदार्थाचे नाव आणि पुरवठादाराचा पत्ता ही अंगे असतात. सविस्तर माहिती सोळा भागांच्या सुरक्षा माहितीपत्रकात दिली जाते.

भारतातील तरतुदी : भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील लोकांना देण्याचे बंधन कारखानदारावर आले. घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी पात्रावर लेबल लावणे व माहितीपत्रक तयार ठेवणे आवश्यक केले; मात्र त्यांत जीएचएसची चिन्हे व संकेतशब्द नाहीत. वर्गीकरणाच्या मर्यादाही भिन्न आहेत. उदा., प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, ती तोंडावाटे दिलेली मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २५७ मिग्रॅ. असल्यास जीएचएसनुसार त्या पदार्थावर कवटीचे चिन्ह येते. भारतीय नियमांतील विषारी पदार्थाची मर्यादा २०० मिग्रॅ. असल्याने तो त्या वर्गात बसत नाही. २०२० मध्ये चर्चेस आलेल्या रसायने (व्यवस्थापन व सुरक्षा) नियमांच्या मसुद्यात जीएचएसनुसार लेबलनाचा समावेश होता.

रंगीत चिन्हांची पद्धत महाराष्ट्रातील शेतकऱ्यास अपरिचित नाही. १९७१ च्या नियमांनुसार कीटकनाशकांच्या डब्यांवर विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण येतो.

ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसर : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर ठाणे, ठाणे–बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे उभी राहिली. रंगद्रव्ये, औषधांची मध्यस्थ संयुगे व विशेष रसायने बनविणारे अनेक लहान-मध्यम कारखाने त्यांत आले. पुढे लोकवस्ती वाढून डोंबिवलीत घरे व कारखाने शेजारी-शेजारी आली. २६ मे २०१६ रोजी तेथील एका कारखान्यात झालेल्या स्फोटात बारा माणसे मृत्युमुखी पडली व दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी पुन्हा मोठा स्फोट होऊन अनेक कामगार दगावले. त्या वेळी प्रथम बाष्पित्र फुटल्याची वार्ता पसरली. नंतर स्फोट रासायनिक अभिक्रियापात्रात झाल्याचे सांगण्यात आले. लेबलामुळे अभिक्रिया अनियंत्रित होण्याचे टळत नाही. परंतु आत कोणते पदार्थ किती आहेत, पाणी मारावे की फेस वापरावा, वस्ती कोठवर हलवावी, हे पहिल्या काही मिनिटांत ठरवावयाचे असते. त्या वेळी साठ्याची अचूक ओळख हाच मुख्य आधार असतो.

उद्योगांचा सहभाग : यूरोपीय संघात वा अमेरिकेत माल पाठविणाऱ्या कारखान्यांना तेथील नियमांमुळे जीएचएसचे लेबल लावावेच लागते. त्यामुळे या परिसरातील निर्यातदारांना ही पद्धती परिचित आहे. देशी ग्राहकाच्या पिंपावर तेच लेबल लावण्यास वेगळे संशोधन लागत नाही. खरी अडचण लहान कारखान्यांची असते. मिश्रणाचे वर्गीकरण करण्यास लागणारी चाचणी-माहिती व तज्ञ त्यांच्याजवळ नसतात. अशा वेळी मोठ्या उत्पादकाने कच्च्या मालाबरोबर योग्य माहितीपत्रक देणे आणि उद्योजक संघटनांनी सामाईक वर्गीकरणसेवा व प्रशिक्षण पुरविणे, हे मार्ग उपयुक्त ठरतात. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी आपत्तीत परस्परांस साहाय्य करण्यासाठी संघटित गट स्थापन केला आहे. लेबलनासाठीही तसेच सहकार्य शक्य आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद (स्थापना १९६६) व राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांचे साहाय्य त्यास मिळू शकते.

मूळ पिंपातून लहान डब्यात ओतलेला पदार्थ व भंगारात विकलेली रिकामी पिंपे या दोन ठिकाणी लेबलाची साखळी सहज तुटते. पहिल्यास नवे लेबल लावणे व दुसरी धुऊन निर्धोक झाल्यावरच जुने लेबल काढणे आवश्यक असते. भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. या पट्ट्यातील कामगार मराठी, हिंदी व अन्य भाषा बोलणारे असून इंग्रजीतील सूचना त्यांतील अनेकांना निरुपयोगी ठरतात. चिन्हे भाषेवाचून कळतात असे मानले जाते. परंतु कवटी ओळखता आली तरी छातीवरील ताऱ्याचा अर्थ शिकविल्याखेरीज कळत नाही. म्हणून मराठी-हिंदी मजकूर, कामावर रुजू होतानाच दिलेले प्रशिक्षण आणि स्थानिक अग्निशामक दलाकडे साठ्याची अद्ययावत यादी, या तीन गोष्टींची जोड मिळाल्यावरच आंतरराष्ट्रीय लेबल कारखान्यात व त्याच्या शेजारच्या वस्तीत उपयोगी पडते.