तीन गोळ्या, तीन माणसं आणि कालिया

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर सबमिशन सोडून सगळं काही होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. यंदा आमच्या रूमवर वाद पेटला तो ‘शोले’वरून. मी लासूर स्टेशनचा. लहानपणी गणपतीत पडद्यावर शोले लागला की आम्ही पोरं पोती अंथरून सगळ्यात पुढे बसायचो. तेव्हापासून गब्बरचा तो रिव्हॉल्व्हरचा सीन तोंडपाठ. आणि रूममेट चक्क म्हणाला, “फेकाफेकी आहे. सहातली तीन घरं भरलेली असताना लागोपाठ तीन वेळा रिकामंच घर कसं येईल?” मला राग आला. जर्नल बाजूला सारून कागद घेतला.

सीन आठवा. रामगढहून हात हलवत परतलेले तीन डाकू उभे आहेत. अमजद खानच्या हातात सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. माणसं तीन, म्हणून तो तीन गोळ्या हवेत उडवतो. मग चक्री गरकन फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याशी लावून चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसता खट् आवाज. तिसरा माणूस म्हणजे कालिया, आपले विजू खोटे. सगळे हसतात, आणि हसता हसता गब्बर तिघांनाही उडवतो.

आता रिव्हॉल्व्हर चालतं कसं ते बघू. दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवतं ना? चाप ओढला की रोल एक घर पुढे सरकतो. इथे रोलऐवजी सहा घरांची चक्री असते. चाप ओढताना (किंवा अंगठ्याने घोडा मागे घेताना) एक छोटा पॉल चक्रीच्या मागच्या रॅचेटला ढकलतो आणि चक्री बरोबर ६० अंश फिरते. थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण जे रट्टा मारून लिहितो तेच. रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही, ती आपल्या घरातच बसून राहते.

सगळी गोम इथेच आहे. गब्बरने हवेत झाडलेल्या तीन गोळ्या एकमेकींच्या शेजारच्या घरांतल्या होत्या. म्हणजे चक्रीत तीन रिकामी घरं सलग आणि तीन भरलेली घरं सलग. चक्री कितीही गरगर फिरवा, हा क्रम मोडत नाही. फक्त सुरुवात कुठून होणार एवढंच बदलतं, आणि अशा सुरुवाती सहाच. एकीत तिघेही वाचतात, एकीत तिघेही मरतात. दोन प्रकारांत एक जण मरतो, दोन प्रकारांत दोघे. म्हणजे तिघेही वाचण्याची शक्यता १/६. लुडोत पहिल्याच फाशाला सहा पडावेत, तेवढीच. तेव्हा ‘असं होतच नाही’ हा मुद्दा बाद. गोळ्या सहा घरांत कशाही विखुरलेल्या असत्या, तर मात्र उत्तर १/२० आलं असतं आणि मला गप्प बसावं लागलं असतं.

आणखी एक गंमत. रांगेत कुठेही उभे राहा, चक्री फिरवल्या क्षणी प्रत्येकाची शक्यता निम्मीच असते. पण खेळ सुरू झाला की चित्र पालटतं. पहिला वाचला, की दुसऱ्याची वाचण्याची शक्यता २/३ होते. दुसराही वाचला, की तिसऱ्याची पुन्हा १/२. म्हणजे गब्बर कालियाला त्याचं काय होणार म्हणून विचारतो, तेव्हा खरोखर फिफ्टी-फिफ्टी मामला आहे. तो घाम उगाच नाही!

आणि खट् झाल्यावर? तिन्ही रिकामी घरं संपली. आता ओळीने येणार त्या भरलेल्या तीनच. गब्बरने पुढे तीनदा चाप ओढला आणि तीनही गोळ्या सुटल्या, हा योगायोग नाही, तसंच व्हायला हवं होतं. तिघे सुटल्याच्या आनंदात हसत होते तेव्हा हिशेब केव्हाच लागलेला होता. सलीम-जावेदनी कागदावर असं मांडून पाहिलं असेल-नसेल, पण सीन एका गोळीनेही चुकत नाही.

रूममेट मेकॅनिकलचा, तो सहज हार मानतोय! म्हणाला, चक्रीचा बॅलन्स गेलेला आहे त्याचं काय? मुद्दा बरोबर आहे. .३८ च्या एका गोळीचं वजन साधारण १० ग्रॅम. तीन गोळ्या एका बाजूला आणि दुसरीकडे नुसत्या पुंगळ्या. तेल दिलेली चक्री आडवी धरून मोकळी फिरवली आणि आपसूक थांबू दिली, तर जड बाजू खाली जाणार आणि घोड्यासमोर वर येणार ते रिकाम्यांपैकी मधलं घर. चाप ओढताच चक्री एक घर सरकते, म्हणजे पहिल्याला रिकामं आणि पुढच्या दोघांना भरलेलं. कालिया गेलाच असता. तो वाचला, तेव्हा गब्बरच्या टोळीत शस्त्राला तेलपाणी होत नव्हतं, असं आम्ही ठरवून टाकलं.

गॅदरिंगला हा सीन बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. शूटिंगच्या ब्लँक काडतुसात शिसं नसतं, पण दारू खरीच असते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. ब्लँकच्या धक्क्यानेच कवटी फुटली आणि काही दिवसांत तो गेला. १९९३ मध्ये ब्रँडन ली गेला, कारण आधीच्या शॉटमधला गोळीचा तुकडा नळीत अडकून राहिला होता आणि मागून आलेल्या ब्लँकने तो बाहेर ढकलला. तेव्हा टिकल्यांचं पिस्तूलही डोक्याला लावू नका, बाजूला धरा. प्रेक्षकांना तेवढंच दिसतं.

शोले १५ ऑगस्ट १९७५ ला आला. अमजद खान १९९२ मध्ये गेले, विजू खोटे सप्टेंबर २०१९ मध्ये. मधल्या काळात ‘अंदाज अपना अपना’तला रॉबर्ट झाला, मराठी-हिंदीत कितीतरी कामं झाली, पण लोकांनी हाक मारली ती कालिया म्हणूनच.

रूममेटने शेवटी १/६ मान्य केलं. मग विचारतो, जयच्या नाण्याची प्रोबॅबिलिटी किती? त्याला कागद लागत नाही. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या.