हिरव्या रेघेची राखण

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकरांना नवरात्र आठवतं. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला दुर्गेश्वरीचा उत्सव, रस्त्यावरचा मांडव, नऊ दिवस वळवलेली वाहतूक. मला आठवतं ते याच नाक्याजवळचं सिव्हिल. पाटीवर नाव विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, पण शहापूर-मुरबाडपर्यंत सगळे त्याला सिव्हिलच म्हणतात. छातीत दुखायला लागलेला माणूस जीपमध्ये घालायचा आणि सिव्हिलला न्यायचा, ही जिल्ह्याची जुनी रीत. त्या जुन्या इमारती पाडून तिथे ९०० खाटांच्या रुग्णालयाचं काम सुरू झालं आणि मधल्या काळापुरतं सिव्हिल मनोरुग्णालयाच्या आवारात गेलं. शाळकरी वयात आजोबांबरोबर मी ईसीजी काढायच्या खोलीत पहिल्यांदा गेले ती सिव्हिलमध्येच. रबरी बल्ब दाबून छातीवर चिकटवलेल्या धातूच्या वाट्या, त्या काढल्यावर उमटलेले लालसर गोल, आणि यंत्रातून सरसर बाहेर येणारी कागदाची पट्टी. त्या पट्टीवरच्या रेघेनं मला जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही.

पुढे माझी सगळी नोकरी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या लहान-मोठ्या रुग्णालयांच्या आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, झाली. आमच्या कामाला लोक सरसकट ‘ईसीजीवाले’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यात तीन-चार कामं येतात. कॅज्युअल्टीत आलेल्या पेशंटचा ईसीजी काढणं, चोवीस तासांचा होल्टर लावणं, स्ट्रेस टेस्टच्या पट्ट्यावर माणूस चालत असताना त्याच्या रेघेवर लक्ष ठेवणं, आणि आयसीसीयूत सेंट्रल मॉनिटरसमोर बसून आठ-दहा खाटांच्या हिरव्या रेघा एकाच वेळी वाचणं. हे शेवटचं काम मला सर्वांत प्रिय.

थोडा इतिहास सांगायलाच हवा, भरभर सांगते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची वीज पहिल्यांदा नोंदवली. जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते त्याचं प्रात्यक्षिकही दाखवत. जावा बेटावर जन्मलेले डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लायडनमध्ये जे यंत्र उभं केलं, त्याचं वजन सुमारे २७० किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांचीच. १९२४ चं नोबेलही त्यांना याच कामासाठी मिळालं. अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीला पाठीवर घेऊन फिरायचं नोंदयंत्र केलं, तेव्हा ते सुमारे ३८ किलोंचं होतं. आज होल्टर खिशात मावतो. हृदयविकाराच्या रुग्णांना एकाच दालनात मॉनिटरखाली ठेवायची कल्पना १९६१-६२ मध्ये एडिंबरा आणि कॅन्सस सिटी इथे रुजली. आपल्याकडे बीपीएल कंपनीची ईसीजी यंत्रं दवाखान्यांत पोचली, आणि पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावणारं, मोबाइलवरून पट्टी पाठवणारं टेली-ईसीजी यंत्र तयार केलं. आइंटहोव्हन यांनी १९०५ मध्येच रुग्णालयातल्या पेशंटची रेघ टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत आणली होती, हे मात्र मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आवर्जून सांगते.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्याकडे येते. मॉनिटरवरची रेघ खोटी असू शकते. ती खोटी आहे हे ओळखणं हाच आमच्या कामाचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. खरा झटका यंत्रही ओळखतं, अलार्म वाजवतं. खोटा झटका ओळखायला माणूस लागतो.

उदाहरण देते. सकाळी सातच्या सुमाराला आयसीसीयूत पेशंट दात घासतात. ब्रशच्या हालचालीनं हाताच्या आणि छातीच्या स्नायूंची वीज रेघेत मिसळते आणि पडद्यावर रुंद, उंच, वेगवान लाटा येतात. त्या हुबेहूब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासारख्या दिसतात, म्हणजे काही मिनिटांत माणूस दगावू शकेल अशा ठोक्यांसारख्या. नवी मुलगी ते बघून किंचाळते. जुनी सिस्टर मान वळवून खाटेकडे बघते: काका ब्रश करताहेत. कंपवाताच्या पेशंटचं आणखी अवघड. त्यांचा हात सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा थरथरतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला एट्रियल फ्लटर मिनिटाला ३०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला पाच. आकडे जुळतात, आणि थरथर चक्क फ्लटर होऊन पट्टीवर उमटते. अशा वेळी हाताचे लीड, म्हणजे यंत्राच्या वायरी, मनगटावर न लावता खांद्याजवळ, धडावर सरकवून बघायचे. थरथर मागे राहते आणि खरी रेघ पुढे येते.

मग विजेचा मामला. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. अर्थिंग नीट नसेल, शेजारी मोटारीची खाट किंवा इन्फ्युजन पंप असेल, तर रेघ जाडसर, दातेरी होते. मोजून पाहिलं तर एका सेकंदात बरोबर ५० दाते निघतात. जुन्या बांधकामाच्या नर्सिंग होममध्ये हा त्रास हमखास. फिल्टर लावला की रेघ गुळगुळीत होते, पण फिल्टरवर माझा विश्वास कमी आहे. तो रेघेतला बारीक तपशीलही खाऊन टाकतो. आधी अर्थिंग बघा, वायरींचा गुंता सोडवा, लागलंच तर खाट भिंतीपासून सरकवा, आणि मगच फिल्टरच्या बटणाला हात लावा.

खरं-खोटं ठरवायचे चार-पाच मार्ग आहेत. खोट्या लाटांच्या पोटातून खरे, अरुंद ठोके ठरावीक अंतरानं डोकावत असतात, ते पट्टीवर पेनानं खुणा करत शोधायचे. दुसऱ्या लीडमध्ये तोच प्रकार दिसतो का, ते पाहायचं. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या चिमट्याची लाट संथ, नियमित चालू असेल तर रक्त पोचतं आहे, म्हणजे हृदय पंप करतं आहे. सपाट रेघ दिसली तर आणखी काळजी. वायर सुटली असेल तर रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ असते. हृदय खरंच थांबलं असेल तरी रेघ किंचित डुलत राहते. आणि या सगळ्याच्या आधी माणसाकडे बघायचं. मॉनिटर काहीही म्हणो, जो पेशंट चहा मागतो आहे त्याला शॉक द्यायचा नसतो. उलटंही तितकंच खरं. रेघ सुंदर चालली आहे आणि माणूस घामाघूम होऊन निळसर पडतो आहे, तर रेघेवर विसंबायचं नाही. हृदयाची वीज चालू आणि पंप बंद, असंही घडतं.

खोट्या रेघेचं मूळ बहुतेक वेळा कातडीत असतं. आमच्या बाजूचा उन्हाळा म्हणजे घामाचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या वॉर्डात इलेक्ट्रोडचे स्टिकर तासाभरात सुटतात. शिवाय छातीला व्हिक्स चोळून आलेले, खोबरेल लावून आलेले, पावडर थापून आलेले पेशंट. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून कॅज्युअल्टीत पोचलेल्या एका आजोबांच्या छातीवर एकही स्टिकर टिकेना; स्पिरिटनं पुसून, कोरड्या गॉजनं थोडं खरवडून मग रेघ स्थिर झाली. पुरुषांच्या छातीवरचे केस काढायचा कंटाळा केला की रात्रभर अलार्म वाजतो. स्टिकरचं पाकीट उघडं राहिलं की आतली जेली वाळते आणि मग तो स्टिकर कितीही नीट लावा, रेघ भरकटते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रोज इलेक्ट्रोड बदलायचा नियम करून पाहिला, तेव्हा अलार्म जवळपास निम्म्यानं कमी झाले. महागडं यंत्र न घेता, काही रुपयांच्या स्टिकरनं झालेला हा फरक आहे.

अलार्म हा या धंद्यातला मोठा धोका आहे. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं २०१३ मध्ये इशारा दिला होता, की ८५ ते ९९ टक्के अलार्मना प्रत्यक्ष उपचाराची गरज नसते. जिथे दर दोन मिनिटांनी काहीतरी किणकिणतं तिथे कान बधिर होतात. मग कुणीतरी आवाज बंद करतं. आवाज बंद करणाऱ्या माणसाला रागवून काही साधत नाही. स्टिकर बदला, मर्यादा त्या पेशंटपुरत्या ठरवा. मॅरेथॉन पळणाऱ्या तरुणाचे ठोके झोपेत ४५ वर जाणारच. त्याला पन्नासच्या खालचा अलार्म ठेवून रात्रपाळीला छळायचं कशाला? मर्यादा मात्र डॉक्टरांना विचारून, केसपेपरवर लिहून बदलायच्या, परस्पर नाही.

आता एक नाजूक पण फार महत्त्वाची गोष्ट. छातीवरच्या सहा लीडची जागा फासळ्या मोजून ठरते. पहिली दोन चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला. घाईत ती बोट-दोन बोटं वर, दुसऱ्या फटीत लागतात आणि पट्टीवर जुना हार्ट अॅटॅक येऊन गेल्यासारखी खूण उमटते. बायकांच्या बाबतीत चूक वेगळ्या कारणानं होते. चौथं लीड स्तनाखाली, पाचव्या फटीत जायला हवं. संकोचापोटी ब्लाउज पुरता उघडत नाहीत, तंत्रज्ञ पुरुष असेल तर तोही घाईघाईनं जमेल तिथे चिकटवतो, आणि बाईच्या वाट्याला चुकीचा ईसीजी येतो. बायकांना अॅटॅक येतो तेव्हा छातीतल्या कळेबरोबर किंवा तिच्याशिवाय दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतात. त्यात पट्टीही चुकली तर ‘अॅसिडिटी आहे’ म्हणून घरी पाठवणी ठरलेली. म्हणून मी पडदा ओढते, दार लावते, अंगावर चादर घालते, ‘मावशी, दोन मिनिटं, मीच आहे इथे’ असं म्हणते, आणि मग शांतपणे फासळ्या मोजते. मंगळसूत्र बाजूला घेतलं, बांगड्या थोड्या वर सरकवल्या की पुरे. काढायला लावू नये, त्याची गरजही नसते. प्रत्येक पाळीला एक तरी स्त्री तंत्रज्ञ असलीच पाहिजे, असं मी जिथे जिथे काम केलं तिथे मागत आले.

पट्ट्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीची एक पट्टी सांगते. सर्वसाधारण पट्टीत प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी एकच छोटी ‘पी’ लाट असते. जुन्या पद्धतीनं हृदयरोपण झालेल्या माणसात दोन दिसू शकतात. नवं हृदय जोडताना जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा थोडा भाग शिल्लक ठेवत, आणि तो आपली वीज निमूटपणे निर्माण करत राहतो. एकाच छातीत दोन ताल, एकमेकांशी संबंध नसलेले. रोपण केलेल्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असल्यानं ते विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या गतीनं चालतं. मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केलं, शल्यविशारद बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. पेशंट काही तासच जगला. त्यानंतर यशस्वी रोपणासाठी मुंबईला ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावं लागलं. पुण्याहून आलेलं ते हृदय मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं आमच्याच जिल्ह्यातल्या, बदलापूरच्या एका तरुणाला. त्या दिवशी आमच्या आयसीसीयूत दुसरा विषय नव्हता.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: बारावी विज्ञान शाखेनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रम आहे, त्यात हृदयविकार तंत्रज्ञाची शाखा मिळते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आमच्यासारख्या व्यवसायांना राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणलं. चार दिवसांत ईसीजी शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिरातींना भुलू नका. यंत्राची बटणं एका दिवसात येतात. रेघ वाचायला वर्षं लागतात.

आणि आता वाचकांशी थेट, जुनी पट्टी जपण्याविषयी. कल्याणचे एक गृहस्थ आमच्याकडे अधूनमधून येत. त्यांचं हृदय जन्मतः उजवीकडे होतं. अशा माणसाच्या पट्टीत पहिलं लीड उलटं येतं; हातांच्या वायरींची अदलाबदल झाली तरी तेच होतं. फरक छातीवरच्या लीडमध्ये कळतो: हृदय उजवीकडे असेल तर पुढच्या लीडमध्ये लाटा वाढायच्या ऐवजी खुज्या होत जातात. हे गृहस्थ पाकिटात जुनी पट्टी आणि एक चिठ्ठी ठेवत, आल्याआल्या पुढे करत. चरईतल्या एका काकूंची गोष्ट त्याहून साधी. छातीत दुखतंय म्हणून आल्या, पट्टीवर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची विजेची वाट अडलेली. नवा असेल तर धावपळ करायची खूण. त्यांच्या मुलानं घरून, कालनिर्णयच्या मागे खोचलेला चार वर्षांपूर्वीचा ईसीजी आणला. तोच ब्लॉक, जसाच्या तसा. डॉक्टरांना निर्णय घ्यायला तेवढं पुरलं.

तुमच्याही घरात चाळिशी ओलांडलेली माणसं असतील. प्रत्येकाचा बरा असतानाचा एक ईसीजी जपून ठेवा. मूळ पट्टी थर्मल कागदावर असते आणि काही वर्षांत पुसट होते, म्हणून लगेच झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं तो कागद काळा पडतो. मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो घ्या, त्यात नाव, तारीख आणि चौकटी नीट दिसू द्या, आणि तो घरातल्या किमान दोन फोनमध्ये ठेवा. छातीत दुखायला लागलं की तो फोन बरोबर घेऊन निघा, आणि पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा हे कॅज्युअल्टीत ठामपणे सांगा.